होतं आणि नव्हतं : आर्मेनियाच्या खिडकीतला डोंगर

आजचा एपिसोड ऐकायला वेळ नसेल, बसमध्ये हेडफोन विसरला असाल, तर हा त्याचा लेखी अवतार. बोलताना जे पाल्हाळ झालं होतं ते थोडं कापलंय, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात एका व्हॉट्सॲप फोटोपासून. माझी मामेबहीण एमबीबीएस करायला आर्मेनियात गेली आहे, राजधानी येरेवानमध्ये. आपल्याकडची बरीच मुलं हल्ली तिकडे शिकतात. पहिल्याच आठवड्यात तिने तिच्या भाड्याच्या खोलीतून काढलेला फोटो पाठवला. समोर जुनाट सोव्हिएत इमारती, दोरीवर वाळत घातलेले कपडे, आणि त्यांच्या मागे, अर्धं आकाश व्यापून, बर्फाने पांढराशुभ्र झालेला एक डोंगर. खाली तिने लिहिलं होतं, 'दादा, हा अरारात. इतका जवळ दिसतो, पण जाता येत नाही. दुसऱ्या देशात आहे.'

मी म्हटलं, असेल, सीमेवर असे डोंगर असतातच. मग तिचा दुसरा मेसेज आला. 'घरमालकीणबाईंच्या हॉलमध्येसुद्धा याच डोंगराचं चित्र लावलंय. खिडकीच्या अगदी शेजारी. खिडकीत डोंगर आणि भिंतीवरही डोंगर. का बरं?'

या 'का बरं'च्या मागे मी गेलो, आणि आर्मेनियाच्या चित्रांमध्ये, फोटोंमध्ये, सिनेमांमध्ये बरेच दिवस अडकून पडलो. आजची गोष्ट त्याचीच.

आटपाट नगर

आपल्या कहाण्या कशा सुरू होतात? 'आटपाट नगर होतं.' नगर कुठे होतं, कधी होतं, विचारायचं नाही. पण होतं, एवढं नक्की.

आर्मेनियन गोष्टी याच्या एक पाऊल पुढे जातात. तिकडच्या आज्या गोष्ट सुरू करताना म्हणतात, 'गार ऊ चगार'. म्हणजे 'होतं आणि नव्हतं'. पूर्वेकडच्या बोलीत शब्द थोडे वेगळे, अर्थ तोच. गोष्टीच्या दारातच सांगून टाकायचं, की बाळा, हे होतंही आणि नव्हतंही.

हे नुसतं गोष्टीपुरतं असतं तर गंमत होती. पण या लोकांच्या इतिहासाने त्यांच्या नकाशावरही तेच वाक्य लिहून ठेवलं.

थोडक्यात पार्श्वभूमी सांगतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आर्मेनियन लोक दोन साम्राज्यांत विभागलेले होते. पूर्वेकडचे रशियाच्या ताब्यात, पश्चिमेकडचे ऑटोमन तुर्की साम्राज्यात. व्हान, मुश, कार्स ही त्यांची जुनी गावं. १९१५ पासून ऑटोमन सरकारने आपल्याच आर्मेनियन प्रजेची हकालपट्टी आणि कत्तल केली. मृतांचे अंदाज सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जातात. जगातले बहुसंख्य इतिहासकार याला वंशसंहार म्हणतात, तुर्कस्तान आजही तो शब्द मान्य करत नाही. वाचलेले लोक सीरिया, लेबनॉन, इजिप्त, फ्रान्स, अमेरिका असे जिकडे वाट मिळाली तिकडे गेले. १९२० नंतर पूर्वेकडच्या तुकड्यावर सोव्हिएत आर्मेनिया उभा राहिला. अरारात मात्र सीमेच्या पलीकडे राहिला.

आजचा स्वतंत्र आर्मेनिया २९,७४३ चौरस किलोमीटरचा आहे, महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान. तुर्कस्तानने १९९३ मध्ये बंद केलेली सीमा त्यानंतरची कित्येक दशकं सामान्य प्रवाशांसाठी बंदच राहिली. आणि देशाच्या राजचिन्हावर मधोमध कोण? अरारात. फुटबॉल क्लबच्या नावात अरारात, ब्रँडीच्या बाटलीवर अरारात.

म्हणजे बघा, स्वप्न आपल्याला झोपेत पडतं. यांना ते रोज सकाळी खिडकी उघडली की दिसतं.

आईचे हात

पहिला थांबा थोडा जुना आहे, पण तो चुकवून पुढे जाता येत नाही.

१९१२. व्हान शहरातला एक फोटो स्टुडिओ. आई खुर्चीत बसली आहे, अंगावर फुलाफुलांचं लांब एप्रन. शेजारी हातात छोटी फुलं घेऊन तिचा मुलगा उभा. वडील अमेरिकेला कामाला गेलेले, त्यांना पाठवायला हा फोटो काढला. 'आम्ही आहोत, विसरू नका' अशा अर्थाचे फोटो आपल्याकडेही गल्फला गेलेल्या माणसांना जायचेच की.

तीन वर्षांनी सगळं उद्ध्वस्त झालं. आई आणि मुलं येरेवानच्या बाजूला पळाली. १९१९ मध्ये आई, शुशान, उपासमारीने गेली. मुलगा पुढच्याच वर्षी बहिणीबरोबर अमेरिकेत पोचला, तिथे त्याने आपलं नावच बदललं आणि आर्शिल गॉर्की म्हणून चित्रकार झाला. अमेरिकेच्या आधुनिक चित्रकलेत त्याचं नाव फार मोठं आहे.

तो फोटो त्याला वडिलांकडे मिळाला. १९२६ च्या सुमारास त्याने त्यावरून 'चित्रकार आणि त्याची आई' हे चित्र काढायला घेतलं. दोन आवृत्त्या झाल्या, आणि तो त्यांवर वर्षानुवर्षं काम करत राहिला. एक आज न्यू यॉर्कला आहे, दुसरी वॉशिंग्टनला.

आता फोन हातात आहेच, तर फोटो आणि चित्र शेजारी ठेवून बघा. एप्रनवरची फुलं गेली आहेत, तिथे नुसता फिका, सपाट रंग आहे. आणि आईचे हात रंगवलेलेच नाहीत, पुसून टाकल्यासारखे आहेत. ज्या माणसाला रेषेवर एवढी हुकमत होती त्याला हात काढता येत नव्हते, असं कोण म्हणेल?

मला वाटतं, ते हात पुरे केले असते तर ती बाई पुन्हा एकदा स्टुडिओत पोझ देऊन बसली असती. अर्धे ठेवले म्हणून ती आहेही आणि नाहीही. त्या अर्धवट हातांकडे जरा लक्ष असू द्या, आपण शेवटी तिथे परत येणार आहोत.

सरकारी स्वप्न आणि दुधाच्या बाटलीचं झाकण

दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत सरकारने जगभरच्या आर्मेनियन लोकांना साद घातली : घरी या. १९४६ ते १९४८ या काळात नव्वद हजारांच्या आसपास लोक खरोखर गेले. बैरूत, अलेप्पो, पॅरिस इथली घरंदारं विकून, जहाजात बसून. तिथे उतरल्यावर रेशनच्या रांगा, स्थानिकांचे टोमणे आणि संशय. १९४९ मध्ये त्यांतल्या कित्येकांना उचलून सैबेरियाच्या बाजूला पाठवलं गेलं. ज्या मायदेशाचं स्वप्न पाहिलं तो हाच का, असा प्रश्न त्या पिढीला पडला. मोठ्याने विचारायची मात्र सोय नव्हती.

हाकोब हाकोब्यान नावाचे चित्रकार थोडे उशिरा, १९६२ मध्ये, इजिप्तमधून गेले. त्यांनी आर्मेनियाचे डोंगर रंगवले, पण कॅलेंडरवर शोभतील असे नाहीत. फिकट माती, पानं झडलेली झाडं, एकही माणूस नाही. पुढे तर त्यांच्या चित्रांत शिवणकामाचे पुतळे येऊ लागले. डोकं नसलेले, नुसते कपडे घातलेले. रिकामे हातमोजे, ज्यांत हात नाहीत. घोषणा एकही नाही. तरी पाहणाऱ्याला कळतं, की इथे माणसाच्या आकाराची एक रिकामी जागा आहे.

आणि सर्गेई पराजानोव! सिनेमावेड्यांना 'कलर ऑफ पॉमग्रेनट्स' माहीत असेल. सायात-नोवा या जुन्या कवीवरचा १९६९ चा सिनेमा, ज्यात गोष्ट जवळजवळ नाहीच, एकामागून एक हलणारी चित्रं आहेत. डाळिंबाचा रस पांढऱ्या कापडावर पसरत जातो, बस. सरकारला हे असलं स्वप्नाळू काम रुचत नव्हतं. १९७३ च्या अखेरीस त्यांना अटक झाली, चार वर्षं छावणीत काढावी लागली. कॅमेरा गेला. मग त्यांनी काय केलं? दुधाच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची पातळ झाकणं जमवली आणि खिळ्याने कोरून त्यांची नाणी, पदकं बनवली.

येरेवानमध्ये त्यांच्यासाठी घर बांधलं जात होतं. ते पुरं व्हायच्या आधी, १९९० मध्ये, पराजानोव गेले. १९९१ मध्ये तेच घर म्युझियम म्हणून उघडलं. ज्या घरात माणूस कधी राहिलाच नाही तिथे त्याचं अख्खं जग मांडून ठेवलंय. होतं आणि नव्हतं.

तिसरा मजला

आता खऱ्या अर्थाने समकालीन काळात येऊ. १९८७. गोर्बाचेव्हचं राज्य, थोडा मोकळा वारा. येरेवानमध्ये चित्रकारांच्या सरकारी संघाची इमारत होती. मुख्य दालनांत 'मान्यवर' लोकांची चित्रं लागायची. काही तरुण पोरांना प्रदर्शनासाठी जागा मिळाली ती वर, तिसऱ्या मजल्यावर. झालं, चळवळीचं नावच पडलं 'तिसरा मजला'. आर्मान ग्रिगोर्यान हा त्यांतला पुढचा माणूस. रॉक संगीत, कॉमिक्स, पॉप आर्ट, अमूर्त चित्रं, सगळं एकाच भिंतीवर. एकदा तर ही मंडळी मेलेल्या माणसांचं सोंग घेऊन अधिकृत प्रदर्शनात शिरली आणि जाहीर करून आली, की सरकारी कला मेली!

यांचं स्वप्न डोंगराचं नव्हतं. त्यांना मोकळा, रंगीत, जगाशी जोडलेला समाज हवा होता.

मग काय झालं? ७ डिसेंबर १९८८ ला उत्तर आर्मेनियात प्रचंड भूकंप झाला, पंचवीस हजारांच्या आसपास माणसं गेली. काराबाखवरून अझरबैजानशी संघर्ष पेटला आणि त्याचं युद्ध झालं. १९९१ मध्ये स्वातंत्र्य मिळालं, आणि पाठोपाठ नाकेबंदी. अणुवीज केंद्र भूकंपानंतर बंद केलेलं. १९९२ ते १९९५ च्या हिवाळ्यांत येरेवानच्या घरांत दिवसातून तास-दोन तास वीज असायची. लोकांनी बागेतली झाडं तोडली, फर्निचर आणि पुस्तकं जाळून हात शेकले.

म्हणजे ज्या स्वातंत्र्याची वाट पाहिली ते आलं ते मेणबत्तीच्या उजेडात. आणि याच काळोख्या वर्षांत तिथे प्रायोगिक कलेचं केंद्र उभं राहिलं, आणि १९९५ मध्ये आर्मेनिया पहिल्यांदा व्हेनिसच्या जगप्रसिद्ध कला-द्वैवार्षिकीत स्वतःच्या नावाने गेला. घरात दिवा नाही आणि व्हेनिसला चाललेत! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर वाटलं, दिवा नसतानाच माणसाला कुणीतरी आपल्याला बघावं असं सर्वांत जास्त वाटत असेल.

पाण्यात उभी इमारत

ज्या कलाकृतीमुळे हा एपिसोड करावासा वाटला ती आता सांगतो.

भूकंपाचा मोठा फटका बसलेलं शहर म्हणजे ग्युम्री, तेव्हाचं लेनिनाकान. मॉस्कोने आश्वासन दिलं, दोन वर्षांत नवं शहर बांधून देऊ. शहराबाहेर मोठी वसाहत बांधायला घेतली. तिचं नाव ठेवलं 'मुश'. आठवतंय? मुश म्हणजे सीमेपलीकडे राहून गेलेल्या गावांपैकी एक. हरवलेल्या गावाचं नाव नव्या गावाला दिलं. आपल्याकडे धरणात बुडालेल्या गावातले लोक नव्या जागी जुनंच नाव लावतात, तसंच.

आणि १९९१ मध्ये सोव्हिएत संघच संपला. क्रेन थांबल्या. बहुमजली सांगाडे तसेच उभे राहिले, खिडक्यांच्या जागी चौकोनी भोकं. बेघर लोक पत्र्याच्या तात्पुरत्या खोक्यांत राहत होते, तिकडे त्यांना 'दोमिक' म्हणतात. तात्पुरते म्हणून आलेले दोमिक कित्येक कुटुंबांना दशकानुदशकं पुरले.

वाहराम अघास्यान या कलाकाराने २००५ ते २००७ च्या सुमारास या सांगाड्यांची फोटोमालिका केली : 'घोस्ट टाउन', म्हणजे भुताचं गाव. त्या फोटोंत या इमारती पाण्यात उभ्या आहेत. चारी बाजूंना शांत, करडं पाणी आणि त्यात काँक्रीटचं प्रतिबिंब. ग्युम्रीला पूर आलेला नव्हता. ते पाणी कलाकाराचं आहे.

बघताना क्षणभर छान वाटतं, खोटं कशाला बोलू. मग आठवतं, की यांत राहायला येणार होती ती माणसं आत्ता, या क्षणी, पत्र्याच्या खोक्यात आहेत.

इथे मला पहिल्यांदा प्रश्न टोचला. हरवलेल्या मुशचं स्वप्न सगळ्यांनी जपलं, त्याची गाणी म्हटली. आणि भूकंपग्रस्तांसाठी बांधायचं ते मुश? त्याला खिडक्यासुद्धा बसल्या नाहीत. आठवणीतल्या घरावर माणूस जेवढा जीव लावतो त्याच्या अर्धा जीव समोरच्या घरावर लावला तर?

दमास्कसहून आलेला पाहुणा

असाच प्रश्न बाहेरून आलेल्या एकाला पडला. ह्रायर सार्किसियान, जन्म १९७३, दमास्कस. वडिलांचा फोटो स्टुडिओ, तिथेच तो काम शिकला. लहानपणापासून ऐकलेला आर्मेनिया म्हणजे स्वर्ग. प्रत्यक्ष गेला तेव्हा दिसले बर्फाचे ओसाड विस्तार आणि त्यांत अर्धवट सोडलेल्या इमारती. त्याने २००६ मध्ये त्याचीच मालिका केली आणि नाव ठेवलं 'इन बिटवीन', म्हणजे 'मधल्यामध्ये'. त्यात राग नाही, टिंगलही नाही. आजीने सांगितलेला देश आणि बसमधून दिसलेला देश, या दोन्हींच्या मधे तो कॅमेरा घेऊन उभा आहे.

२०१५ मध्ये, वंशसंहाराला शंभर वर्षं झाली तेव्हा, आर्मेनियाने व्हेनिसमध्ये जगभर विखुरलेल्या अशाच कलाकारांना एकत्र आणलं. बहुतेक सगळे वाचलेल्यांची नातवंडं. प्रदर्शन भरलं ते सान लाझारो बेटावर, जिथे आर्मेनियन साधूंचा मठ १७१७ पासून आहे. त्या वर्षीचं सर्वोत्तम राष्ट्रीय दालनाचं सुवर्णसिंह पारितोषिक त्यालाच मिळालं. आणि गंमत बघा, त्यांतले ज्येष्ठ कलाकार सार्किस हे इस्तंबूलमध्ये जन्मलेले. त्याच वर्षी तुर्कस्तानच्या दालनातही त्यांचंच काम होतं. सीमा बंद, पण एक माणूस दोन्ही दालनांत.

जाता जाता एक आपल्याकडची खूण. स्वतंत्र आर्मेनियाची राज्यघटना कशी असावी याचं पुस्तक अठराव्या शतकात छापलं गेलं ते आपल्या मद्रासमध्ये, तिथल्या आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या छापखान्यात. देश नाही, राजा नाही, पण घटना तयार!

१४८९

आता शेवटचा थांबा. हा बोलताना माझा आवाज अडकला होता, ऐकणाऱ्यांना कळलं असेल.

काराबाख हा डोंगराळ प्रदेश सोव्हिएत काळात अझरबैजानमध्ये होता, वस्ती मात्र बहुसंख्य आर्मेनियन. नव्वदच्या दशकातलं युद्ध आर्मेनियन बाजूने जिंकलं, आणि तेव्हा लाखो अझरबैजानी लोकांना घरं सोडावी लागली. त्यांचीही गावं आठवणीतच राहिली, हे विसरायला नको. २०२० मध्ये पुन्हा युद्ध झालं, ४४ दिवसांचं. या वेळी आर्मेनिया हरला. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने उरलेला भागही घेतला आणि काही दिवसांत एक लाखाहून जास्त आर्मेनियन लोक गाड्यांत सामान कोंबून निघाले. १९१५ च्या गोष्टी ऐकून वाढलेली पोरं स्वतः त्या रस्त्यावर होती.

२०२० च्या युद्धाच्या सातव्या दिवशी सोगोमोन वार्दान्यान हा २१ वर्षांचा सैनिक बेपत्ता झाला. विद्यार्थी, संगीतकार. त्याची बहीण शोगाकात पियानो शिकलेली, सिनेमाशी संबंध नाही. तिने हातातला फोन घेतला आणि घरात शूटिंग सुरू केलं. आई, बाबा, ती, आणि वाट बघणं. ओळख न पटलेल्या अवशेषांना दिलेल्या क्रमांकांपैकी एक म्हणजे १४८९, तेच सिनेमाचं नाव. २०२३ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या माहितीपट महोत्सवात तो सर्वोत्कृष्ट ठरला.

त्या घरात 'आहे' आणि 'नाही' यांच्यामध्ये दोन वर्षं काढलेली माणसं आहेत. 'गार ऊ चगार' हे तिथे गोष्टीचं पहिलं वाक्य राहत नाही. ते रोजच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसतं.

मग डोंगराचं काय करायचं?

हा प्रश्न सध्या तिथल्या राजकारणातही ऐरणीवर आहे. पंतप्रधान पाशिन्यान म्हणतात, ऐतिहासिक आर्मेनियाचं स्वप्न सोडा, 'खरा आर्मेनिया' म्हणजे ही २९,७४३ चौरस किलोमीटर, तीच नीट करू. नोव्हेंबर २०२५ पासून पासपोर्टवरच्या शिक्क्यातून अरारातचं चित्र काढायचाही निर्णय झाला. काहींना हे शहाणपण वाटतं, काहींना शरणागती.

अभ्यास सुरू केला तेव्हा मी पहिल्या बाजूचा होतो. मुशच्या रिकाम्या खिडक्या पाहिल्यावर तर पक्काच. आज तेवढा पक्का नाही. कारण ज्या कलाकारांबद्दल आज बोललो त्यांतल्या कुणीच स्वप्न आणि वास्तव यांतलं एक निवडून दुसरं फेकून दिलं नाही. आणि स्वप्नाच्या नावाखाली समोरचं दिसत असूनही न दिसल्यासारखं केलं नाही. गॉर्कीने हात अर्धे ठेवले. अघास्यानने अर्ध्या इमारतीला पाणी दिलं, पण खोट्या खिडक्या बसवल्या नाहीत. शोगाकातने भाऊ परत आल्याचं दाखवलं नाही. जे अर्धं आहे ते अर्धंच दाखवायचं, हा प्रामाणिकपणा मला या सगळ्यांत सारखा दिसतो. सरकारी शिक्क्याला हे जमत नाही. त्यावर डोंगर असतो नाहीतर नसतो.

एपिसोड रेकॉर्ड करायच्या आदल्या रात्री बहिणीला म्हटलं, विचार बाई एकदा तुझ्या घरमालकीणबाईंना, खिडकीत डोंगर असताना भिंतीवर कशाला? तिने मोडक्यातोडक्या आर्मेनियनमध्ये विचारलं. बाई म्हणाल्या, 'अगं, धुकं असलं, धूळ असली की दिसत नाही ना. मग पोरं विचारतात, गेला कुठे?'

आपली कहाणी 'साठा उत्तरांची' करून 'सुफळ संपूर्ण' होते. आर्मेनियन गोष्ट संपते तेव्हा आकाशातून तीन सफरचंदं पडतात. एक सांगणाऱ्याला, एक ऐकणाऱ्याला, आणि तिसरं, काही जण म्हणतात, ज्याने ती गोष्ट मनावर घेतली त्याला. माझं मी घेतलं, तुमचं तुम्हाला पोचलं. तिसऱ्याचं बघा.

भेटू पुढच्या एपिसोडला. तोवर काळजी घ्या, आणि तो १९१२ चा फोटो नक्की शोधून बघा.